बाहेर काळं, आत कच्चं : शेगडीवरचं चिकन, मटणाच्या बरगड्या आणि माझी एकतीस डिसेंबरची रात्र



ग्रिलचा स्टॉल टाकायचा म्हणून जे जे माझ्याकडे ट्रेनिंगला येतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, मसाल्याचं माप द्या ना." मी देतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण एक सांगतो, मसाल्यामुळे परत आलेली प्लेट मी आजवर पाहिलेली नाही. प्लेट परत येते ती चिकन लाकडासारखं कोरडं झालं म्हणून, हाडाजवळ कच्चं राहिलं म्हणून, नाहीतर बरगडीचं मटण दाताने सुटत नाही म्हणून. या तिन्ही तक्रारींचं उत्तर मसाल्याच्या डब्यात नाही, ते आचेत आहे. व्हिडिओमध्ये दहा मिनिटांत जेवढं बसलं तेवढं सांगितलं होतं, बाकीचं इथे सविस्तर लिहितोय. हिशोबासकट.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचं चिकन-मटणाचं दुकान कामशेतला. बीबीए झाल्यावर दोन वर्षं पुण्यात नोकरी केली, मग दुकानात आलो. नुसतं कापून विकण्यात मार्जिन किती असतं ते या धंद्यातल्या माणसाला विचारा. म्हणून मसाला लावलेलं, 'डायरेक्ट शेगडीवर टाका' असं चिकन विकायला लागलो. गिऱ्हाईक समोरच होतं. पवना धरणाच्या काठी, लोहगड, तुंग, तिकोना यांच्या मधल्या पट्ट्यात तंबूंचे कॅम्प आहेत हे मुंबई-पुण्याच्या लोकांना सांगायला नको. तिथलं पॅकेज सगळीकडे साधारण सारखंच असतं : संध्याकाळी चहा-भजी, मग बार्बेक्यू, रात्रीचं जेवण, सकाळी पोहे. यातला बार्बेक्यू हा प्रकार नीट समजून घ्या. कॅम्पवाला चिकन, सळया आणि पेटलेली शेगडी देतो आणि बहुतेक ठिकाणी पाहुणे स्वतःच भाजतात. म्हणजे माझा माल शेवटी कोण शिजवणार? आयुष्यात कधी कोळसा न पेटवलेला, गाणी लावून बसलेला, भुकेला माणूस.

हे मला आधी कळायला हवं होतं. बीबीएला 'एंड युजर' नावाचं एक प्रकरण होतं, त्यात मला चांगले मार्क होते.

एकतीस डिसेंबरला दोन कॅम्पची ऑर्डर होती. एकात चाळीस माणसं, दुसऱ्यात पस्तीस. मी दिलदारपणे अख्खे लेग पीस दिले, मोठे, चिरा मारलेले, लाल मसाल्यात दोन दिवस मुरवलेले. सोबत 'स्पेशल' म्हणून मटणाच्या बरगड्या, त्याही मसाला लावून कच्च्याच. रात्री साडेदहाला फोन आला. "भाऊ, हे काय पाठवलंय? वर या लगेच." गाडी काढून गेलो. सात शेगड्या ज्वाळा काढत होत्या, कोळशाला रॉकेलचा वास, वाऱ्याने ठिणग्या उडतायत. लेग पीस बाहेरून काळे ठिक्कर आणि हाडाजवळ चक्क लाल. बरगड्या तर लोकांनी एकेक चावून बाजूला ठेवल्या होत्या. एका ताईंनी मला कागदी प्लेट दाखवली आणि शांतपणे म्हणाल्या, "दादा, मुलांना मॅगी करून दिली आम्ही." ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या रात्रीचे साडेअकरा हजार बुडाले. कॅम्पवाल्या दादांनी पैसे दिले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी ऑर्डरही थांबवली. माझ्या महिन्याच्या विक्रीतला मोठा तुकडा गेला.

गच्चीवरचे दोन आठवडे

जानेवारीत मी दुकानाच्या गच्चीवर तशीच स्वस्तातली पत्र्याची शेगडी मांडली, दुकानातला वजनकाटा वर नेला आणि टोकदार सळई असलेला डिजिटल थर्मामीटर मागवला. तीन-चारशे रुपयांत येतो. आल्यावर तो खरा आहे का ते तपासा. बर्फ घातलेल्या पाण्यात शून्याच्या आसपास दाखवायला हवा. उकळत्या पाण्यात आमच्याकडे ९८ च्या आसपास येतो, कारण मावळ उंचावर आहे. मुंबईत १०० दिसेल.

चिकनच्या मांसात पाणी भरपूर असतं. गरम होत जातं तसे तंतू आखडतात आणि ओला टॉवेल पिळल्यासारखं पाणी बाहेर ढकलतात. आतलं तापमान ७४ अंशांना पोचलं की चिकन खायला सुरक्षित धरतात. त्यापुढे छातीच्या मांसाचं जे काही होतं तो नुसता पिळा आहे. मी एक किलो मसाला लावलेलं ब्रेस्ट ७४ ला उतरवलं, वजन भरलं ७९० ग्रॅम. तेवढंच दुसरं ८८ पर्यंत जाऊ दिलं, भरलं ६६० ग्रॅम. एका किलोमागे १३० ग्रॅमचा फरक. चाळीस माणसांच्या कॅम्पला आठ किलो जातं, म्हणजे किलोभर माल फक्त दहा मिनिटं उशीर केल्यामुळे हवेत गेला. आणि जे उरलं ते कोरडं. तोटा दोनदा झाला : एकदा वजनात, एकदा गिऱ्हाइकात.

मग कच्चं-पक्कं ओळखायचं कसं? आपल्याकडे हाडाजवळची लाली बघतात. ती फसवते. ब्रॉयलर कोंबडी कोवळ्या वयातच कापली जाते, हाडं अजून सच्छिद्र असतात, त्यांतला रंग शिजताना बाहेर झिरपतो. त्यामुळे पूर्ण शिजलेला तुकडाही हाडाशी लालसर दिसू शकतो. उलट, लाल रंग घातलेल्या मसाल्यात कच्चा तुकडा बेमालूम लपतो. म्हणून डोळ्यावर नाही, थर्मामीटरवर जा. टोक तुकड्याच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता. हाडाला टेकलं तर आकडा चुकतो.

इथेच मी माझा माल बदलला. पाहुण्यांच्या हातात थर्मामीटर देता येत नाही, मग चूक पोटात घालणारा तुकडा द्यायचा. ब्रेस्ट अजिबात माफ करत नाही. मांडीचं बोनलेस करतं. त्यात चरबी जास्त, चिवट धागे जास्त. ते ८० ते ८५ ला उलट जास्त चांगलं लागतं, दहा अंश चुकले तरी रसाळ राहतं. किलोला पैसे थोडे जास्त पडतात, पण परत येणाऱ्या प्लेटपेक्षा स्वस्त. सगळे तुकडे एकसारखे, साधारण ३५ ग्रॅमचे. हा सारखेपणा फार महत्त्वाचा आहे. एका सळईवर लहान-मोठे तुकडे असले की लहान कोरडा होईपर्यंत मोठा कच्चा असतो. आणि सळईवर तुकडे गच्च दाबून लावू नका, मधे बोट शिरेल एवढी फट ठेवा.

अजून एक आपल्याकडचीच अडचण. आपण चिकन कातडी सोलून घेतो. परदेशातले व्हिडिओ बघून लोक भाजायला जातात, पण त्या व्हिडिओतली कोंबडी कातडीसकट असते. वरची चरबी वितळत राहते आणि मांस सुकत नाही. आपल्या सोललेल्या चिकनला हे चिलखत नाही. मग ते आपण द्यायचं : मसाल्यात तेल, आणि भाजताना दोनदा तेल-बटरचा हात. लेग पीसच भाजायचा असेल तर दुकानदाराला कातडीसकट सांगा. आदल्या दिवशी सांगितलंत तर देतो.

मिठाबद्दल थोडं. मसाला कुठलाही घ्या, किलोला १२ ते १५ ग्रॅम मीठ मोजून घाला आणि निदान चार तास मुरू द्या. मीठ मांसात शिरतं आणि त्याची पाणी धरून ठेवायची ताकद वाढवतं, त्यामुळे तेवढ्याच आचेवर कमी रस सुटतो. ब्रेस्टच वापरायचं असेल तर लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात तुकडे तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा, मग मसाल्यात मीठ घालू नका. दही वापरता तर फडक्यात बांधून पाणी काढलेलं वापरा, नाहीतर ते कोळशावर गळून नुसता धूर होतो. आणि लिंबू रात्रभर नको. माझे लेग पीस दोन दिवस आंबटात होते, वरचा थर पिठूळ झाला होता. 'जास्त मुरलं की जास्त चांगलं' हा माझाही समज होता.

कोळसा एका बाजूला

आता शेगडी. शंभरातले नव्वद लोक कोळसा सगळीकडे सारखा पसरतात. मग चिकनला पळायला जागाच नाही. चरबी गळली, ज्वाळा उठली, तुकडा काळा. कोळसा शेगडीच्या अर्ध्या भागात रचा, अर्धी शेगडी मोकळी ठेवा. चिकन आधी मोकळ्या बाजूला, झाकून, सावकाश आतून शिजू द्यायचं. मग शेवटची दोन-तीन मिनिटं थेट निखाऱ्यावर, रंग आणि तो भाजका वास येण्यापुरतं. ज्वाळा उठली तर पाणी मारायचं नाही, राख उडून चिकनवर बसते. सळई उचलून मोकळ्या बाजूला ठेवायची, बस.

झाकणाचं महत्त्व जगाला पटवलं ते अमेरिकेतल्या एका वेल्डरने. जॉर्ज स्टीफन त्यांचं नाव, शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये कामाला. वाऱ्या-पावसाने त्यांचं ग्रिल नीट चालेना, तेव्हा १९५२ साली त्यांनी कारखान्यात समुद्रात खुणेसाठी सोडायचे जे पोकळ धातूचे गोळे बनायचे, त्यातला एक अर्धा कापला. खालचा अर्धा शेगडी, वरचा झाकण. हवा आत सोडायला भोकं. आज ज्याला केटल ग्रिल म्हणतात ते हे. म्हणजे पवनेच्या वाऱ्याची माझी तक्रार फार जुनी आहे! आपल्या पत्र्याच्या शेगडीला झाकण नसतं, पण स्टीलची परात पालथी घाला, काम होतं. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा घमेलं मात्र वापरू नका, फार तापलं तर त्याचा धूर विषारी असतो.

रॉकेल बंद. डिझेल, पेट्रोल तर विचारूच नका. तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा घ्या, दोन्ही बाजू कापून काढा, खालच्या अंगाला खिळ्याने भरपूर भोकं पाडा आणि आतून चार बोटांवर तारेची जाळी बसवा. डबा दोन विटांवर ठेवायचा, खाली कागद, वर कोळसा, काडी लावायची. वीस-पंचवीस मिनिटांत कोळशावर राखाडी साय धरते. तोवर जाळीवर काहीही ठेवायचं नाही. भुकेल्या पाहुण्यांना ही वीस मिनिटं थांबवणं हे सगळ्यात अवघड काम आहे, म्हणून दादांना मी सांगितलं की भजी त्याच वेळेला काढा. आच मोजायला तळहात जाळीच्या वर वीतभर धरा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर ती तेज, सहा-सात सेकंद टिकला तर मध्यम. बोनलेस चिकनला मध्यम आच लागते.

एक गोष्ट आचेशी संबंधित नाही पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. थंडीत लोक विझत आलेली शेगडी ऊब म्हणून तंबूत घेतात. असं कधीही करू देऊ नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. आमच्या प्रत्येक पाकिटावर हे आता छापलेलं आहे, मसाल्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत.

बरगडीचं गणित उलटं

चिकनमध्ये 'वेळेत उतरवा' हे शिकलो आणि तोच नियम बरगडीला लावला. सपशेल फसलो. पंचवीस मिनिटं छान भाजली, आतलं तापमान पंचाहत्तर, दिसायला सुंदर, आणि चावायला चप्पल.

आधी कोणती बरगडी ते बघा. मटणाच्या दुकानात 'चाप' म्हणून मिळते ती पाठीकडची, तिला मऊ मांसाचा गोळा असतो, कोवळ्या बोकडाची असेल तर निखाऱ्यावर दहा-बारा मिनिटांत होते. 'सीना' म्हणजे छातीकडच्या बरगड्या. त्यात मांस पातळ, चरबी आणि चिवट पडदे जास्त. पण चव? सीन्याला तोड नाही. हाड हातात धरून खायचा आनंद तिथेच आहे. मी एकतीस डिसेंबरला चाप आणि सीना एकत्र करून दिले होते. दुकानदार असून!

सीन्यातला जो चिवटपणा आहे तो कोलॅजनचा. पायाचं सूप गार झालं की थरथरतं ना, जेलीसारखं? ते म्हणजे विरघळलेलं कोलॅजन. ते सत्तर अंशांच्या पुढे हळूहळू विरघळायला लागतं आणि नव्वदच्या आसपास मटण खरं मऊ होतं, पण त्याला तास लागतात, मिनिटं नाही. म्हणजे ज्या तापमानाला चिकनचं वाटोळं होतं, तिथे बरगडीचं काम सुरू होतं. एकाच शेगडीवर, एकाच वेळी, एकाच भुकेल्या माणसाच्या हातून या दोन्ही गोष्टी होणं शक्य नाही. हे कळलं आणि माझा अर्धा प्रॉब्लेम सुटला. बरगडी मी दुकानात शिजवणार, पाहुणे फक्त तिला निखारा दाखवणार.

ते जमेपर्यंत तीन प्रयोग वाया गेले. कच्ची पपई लावून रात्रभर ठेवली, बाहेरून लगदा आणि आत तसंच चिवट, कारण पपई वरच्या थरातच काम करते. कुकरला तीन शिट्ट्या दिल्या, मऊ झाली, पण सगळी चव पाण्यात उतरली आणि जाळीवर उलटताना मांस हाडावरून घसरून निखाऱ्यात. रस्सा करायचा असेल तर कुकरसारखं काही नाही, भाजायचं असेल तर नको. मग नुसत्या मंद आचेवर झाकून ठेवली, तर आतलं तापमान सत्तरच्या घरात जाऊन तासभर हलेचना. थर्मामीटर बिघडला असं वाटलं. कारण नंतर कळलं. मटणातून पाणी बाहेर येऊन वाफ होत राहतं आणि ती वाफ त्याला गार ठेवते. माठातलं पाणी गार राहतं तेच तत्त्व. माठ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला तर पाणी गार होईल का? नाही. म्हणून बरगडी गुंडाळायची.

आता आमची पद्धत अशी आहे. सीन्याच्या आतल्या बाजूला पातळ पांढरा पापुद्रा असतो. तो सुरीच्या टोकाने एका हाडावरून उचलायचा, कोरड्या फडक्याने धरायचा आणि ओढायचा. एका झटक्यात निघतो. तो ठेवलात तर मसालाही आत जात नाही आणि खाताना रबर दातात अडकतं. किलोला १२ ग्रॅम मीठ, आलं-लसूण, कांदा-लसूण मसाला, धने, थोडं तेल. रात्रभर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी अर्धा तास निखाऱ्याच्या मोकळ्या बाजूला, धुराचा वास बसायला. मग ट्रेमध्ये घेऊन, दोन चमचे पाणी शिंपडून, फॉइलने गच्च बंद करून ओव्हनमध्ये १४० अंशांवर दोन तास. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात, खाली तवा, वर झाकणावर निखारे, दम देतो तसं. झालं की नाही ते कसं बघायचं? सुरीचं टोक दोन हाडांच्या मधे घाला, लोण्यात गेल्यासारखं जायला हवं, पण हाड उचललं तर मांस धरून राहिलं पाहिजे. घड्याळ इथे अंदाजापुरतं. बोकड थोराड निघाला तर तीन तासही लागतात.

गूळ-चिंचेचा पाक आम्ही वेगळ्या बाटलीत देतो. बरगडी निखाऱ्यावर आठ-दहा मिनिटं गरम करायची, अगदी आतपर्यंत, आणि पाक शेवटच्या तीन मिनिटांत लावायचा. आधी लावला तर गूळ जळून कडू होतो.

मुंबईचे काही पाहुणे पोर्क रिब्स मागतात. तिकडच्या व्हिडिओंमध्ये तीन तास धुरात, दोन तास फॉइलमध्ये, एक तास सॉस लावून, असं सहा तासांचं वेळापत्रक दिसतं. ते जाड, चरबीदार पोर्कच्या बरगडीसाठी आहे. बोकडाच्या सीन्याला सहा तास दिलेत तर ट्रेमध्ये हाडांचा ढीग सापडेल. पोर्क मी ठेवत नाही, त्याला वेगळा फ्रीज, वेगळी जाळी, वेगळी भांडी लागतील आणि माझी बरीच गिऱ्हाइकं ते खात नाहीत. व्हेजची जाळी मात्र वेगळी पाठवतोच. पनीर-सिमला मिरची चिकनच्या जाळीवर ठेवली तर एका ग्रुपमधली चार माणसं जेवत नाहीत, आणि रिव्ह्यू तीच लिहितात.

इथे शॉर्टकट नको

ट्रेनिंगमध्ये दर वेळी कोणीतरी विचारतं, "सर, मग चिकनही अर्धं शिजवून पाठवू का? पटकन होईल." नको. अर्धं शिजलेलं चिकन हे सगळ्यात धोक्याचं. जंतू मरण्याइतकं तापत नाही, वाढण्याइतकं मात्र कोमट राहतं. एकतर पूर्ण कच्चं, बर्फात. नाहीतर पूर्ण शिजलेलं. बरगड्या पूर्ण शिजवून, पसरट ट्रेमध्ये दोन तासांच्या आत गार करून फ्रिजमध्ये, पाच अंशांच्या खाली. गाडीत दोन वेगळ्या आईसबॉक्स, कच्चं एकात, शिजलेलं दुसऱ्यात. कच्च्या चिकनच्या मसाल्यात बुडवलेला ब्रश तयार तुकड्यावर फिरवायचा नाही, म्हणून ब्रशही दोन देतो, लाल आणि पिवळा. आणि अन्न सुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी पहिल्या ऑर्डरच्या आधी करा. छोट्या व्यवसायासाठी मी केली तेव्हा वर्षाला शंभर रुपये फी होती. शंभर रुपयांसाठी लोक वर्षं काढतात, कमाल आहे.

आता पैसे. एक किलो सीना मला ८०० ला पडतो असं धरा. त्यातून चार प्लेट होतात, म्हणजे प्लेटला २०० रुपयांचं मटण. मसाला, कोळसा, ओव्हनची वीज मिळून २५, पॅकिंग १०, माझ्या मुलाचा, म्हणजे दुकानातल्या पोराचा, वेळ ३०. झाले २६५. कॅम्पला मी ३८० ला देतो, ते पाहुण्यांना साडेपाचशेला विकतात. मला प्लेटमागे ११५ राहतात. तोच सीना कच्चा विकला असता तर किलोमागे किती सुटतं ते मटणवाल्यांना माहीत आहे, मी इथे लिहीत नाही, वडील वाचतात हे. चिकनमध्ये मार्जिन कमी आहे पण फिरतं रोज. श्रावणात दोन्ही बंद पडतं, आणि गटारीच्या आठवड्यात दोन्हीला हात पुरत नाहीत, हेही हिशोबात धरा. वर्षाचे बारा महिने शनिवारच असतात असं समजून मशिनरी घेऊ नका.

फेब्रुवारीत मी त्याच कॅम्पवर गेलो. सोबत चार प्लेट बरगड्या, दोन किलो बोनलेस, परात आणि भोकं पाडलेला डबा. दादा खुर्चीवरून उठले नाहीत. मी बोललो काहीच नाही, कोळसा पेटवला, वीस मिनिटं थांबलो, भाजलं, पाच मिनिटं झाकून ठेवलं आणि त्यांच्या आईसमोर ताट ठेवलं. माउलींनी बरगडी उचलली, हाड साफ केलं, दुसरी उचलली. त्यांना वरचे दात नाहीत. दादांनी ते बघितलं आणि मग स्वतःची खुर्ची ओढली.

एकतीस डिसेंबरचे साडेअकरा हजार त्यांनी अजून दिलेले नाहीत, मीही मागितलेले नाहीत. काल त्यांचा फोन आला होता. या शनिवारी सोळा प्लेट बरगड्या आणि सात किलो चिकन, आणि "भाऊ, वारा फार सुटलाय, आडोशाला पत्रा घेऊन या." सोळा प्लेट म्हणजे चार किलो सीना, तो गुरुवारी संध्याकाळी उचलायचा, शुक्रवारी रात्रभर मुरवायचा, शनिवारी सकाळी ओव्हन. पत्रा मात्र अजून सापडायचाय.